वाड्यांचा गिलावा खरवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इटलीतल्या द्राक्षमळ्यांच्या मुलखावरचा सचित्र लेख वाचला. टेकडीमाथ्यावरचा किल्ला, उतारावर वेलींच्या रांगा, मध्ये सरूची झाडे आणि उघड्या दगडांचे शेतघर अशी ती छायाचित्रे. लेख चांगला आहे. मात्र या घरांचे सौंदर्य उघड्या दगडात आहे असा त्याचा सूर आहे, आणि त्याबद्दल लिहिणे भाग आहे.

कारण इथे ग्वाल्हेरात, लश्करच्या जुन्या वस्तीत, गेली काही वर्षे नेमके हेच चालले आहे. वाड्याचा दर्शनी भाग कॅफेला किंवा दुकानाला भाड्याने जातो. पहिल्याच आठवड्यात चुन्याचा गिलावा छिन्नीने उतरवतात, आतल्या लाखोरी, म्हणजे जुन्या धाटणीच्या पातळ विटा उघड्या करून त्यांवर चकचकीत वॉर्निश मारतात आणि ‘इटालियन लूक’ म्हणून फोटो फिरू लागतात. आम्ही जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीचे काम करणारे काही गवंडी, सुतार आणि वास्तुविशारद आहोत. आम्हाला हे पाहवत नाही.

इटलीशी ग्वाल्हेरचे नाते तसे जुने. जयविलास महाल १८७४ साली पुरा झाला तो सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्यानुसार, आणि फिलोज घराणे मूळचे नेपल्सचे, शिंद्यांच्या चाकरीत इथे रुजलेले. महालाचा पहिला मजला टस्कन धाटणीचा, दुसरा इटालियन-डोरिक, तिसरा कोरिंथियन, म्हणजे तिन्ही युरोपातल्या जुन्या खांबशैली. तेव्हा इटलीचे बाह्यरूप आपल्याकडे येऊन दीडशे वर्षे झाली. आता घ्यायचीच असेल तर तिथली घर टिकवण्याची रीत घ्यावी.

मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांतातल्या शेतघराला तिकडे ‘कासा कोलोनिका’ म्हणतात. जमीनदाराची मोठी इस्टेट म्हणजे ‘फात्तोरिया’. एका कुटुंबाने कसायचा तिचा तुकडा म्हणजे ‘पोदेरे’, आणि प्रत्येक पोदेरेवर एक घर. कूळ निम्मे पीक मालकाला देई. ही बटाई शतकानुशतके चालली आणि घराची रचना तिच्यातूनच घडली. तळमजल्यावर बैलांचा गोठा, अवजारांची खोली आणि वाईनची कोठी. बाहेरून दगडी जिना वर चढतो, त्याच्या माथ्यावर कमानीची पडवी, आत मोठ्या चुलीचे स्वयंपाकघर आणि त्याभोवती निजायच्या खोल्या. गोठा खाली असल्यामुळे थंडीत जनावरांची ऊब वर पोचे. छपराच्या मध्यावर बुरुजासारखे काही उठलेले दिसते तो बहुधा कबुतरखाना. समोर फरसबंद खळे, बाजूला पाव भाजायची भट्टी आणि गवताची वखार. वखारीच्या भिंतीत विटांची जाळी ठेवलेली असते, वारा खेळता राहून गवत कुजू नये म्हणून. ग्वाल्हेरचा पाथरवट जे काम वालुकाश्मात करतो ते तिथला गवंडी विटा तिरक्या लावून साधतो.

भिंती साधारण अर्धा ते पाऊण मीटर जाड. आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन पदर, आणि मधल्या पोकळीत चुना-मातीत बसवलेल्या कपच्या. हे दोन पदर लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

१९६४ च्या कायद्याने बटाईचे नवे करार बंद झाले. त्याआधीच शेतकरी कुटुंबे कारखान्यांच्या गावांकडे निघाली होती आणि हजारो घरे ओस पडली. नंतर शहरातले आणि परदेशातले खरेदीदार आले आणि त्यांच्याबरोबर उघड्या दगडाची आवड आली. छायाचित्रांत आज जे दिसते त्यातले बरेचसे या आवडीतून आलेले आहे. मुळात यातली पुष्कळ घरे गिलावा केलेली होती. भिंतीतला दगड शेतातून वेचलेला, ओबडधोबड, सांधे बोट-दोन बोटे रुंद. असा दगड झाकण्यासाठीच रचलेला असतो. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि दारे-खिडक्यांच्या चौकटींना.

मूळची भिंत झाकलेली होती की उघडी, हे ओळखायची खूण सोपी आहे. चौकटीचा किंवा कोपऱ्याचा घडीव दगड भिंतीच्या पातळीपेक्षा एक-दोन सेंटीमीटर पुढे आलेला असेल तर तेवढी जाडी गिलाव्यासाठी सोडलेली होती. निंबाळकरांची गोठ, आपट्यांची पायगा, फालका बाजार या भागांतून हिंडताना ही खूण पाहत चालावे. जिथे गिलावा खरवडला आहे तिथे चौकटी विचित्रपणे पुढे आलेल्या दिसतात.

गिलावा गेला की पाऊस थेट सांध्यांत शिरतो. जुना चुना मऊ असतो, तो धुपतो. मग कोणीतरी दरजा सिमेंटने भरतो आणि खरा बिघाड इथे सुरू होतो. सिमेंट कडक असल्याने त्याच्या कडेने केसाएवढी चीर पडते. तिच्यातून पाणी आत जाते, पण सिमेंटमधून वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. ते वीट किंवा दगडातूनच वाट काढते आणि सोबत क्षार आणते. इटलीत त्या ओल्या दगडाला हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याने चिरा जातात. आपल्याकडे लोणा लागतो, म्हणजे क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखाली फुगून विटेचा चेहराच पापुद्र्यासारखा सोडवतात. लाखोरी वीट पातळ, तिचा भाजलेला पृष्ठभाग एकदा गेला की आतली वीट पावसापुढे फार टिकत नाही. वॉर्निश मारलेल्या विटेत हे आणखी लवकर होते, कारण बाहेर पडायची उरलेली वाटही बंद झालेली असते.

ईशान्य इटलीतल्या व्हेनेतोकडे, जिथे आज प्रोसेक्को ही वाईन होते त्या मुलखाच्या आसपास, सोळाव्या शतकात पाल्लादिओ या वास्तुविशारदाने बांधलेल्या हवेल्या आहेत. त्या मुळात शेतीच्या इस्टेटीच होत्या. दोन्ही अंगांना पसरलेल्या कमानींखाली धान्य, अवजारे आणि गाड्या असत. त्यांचे भव्य खांब पाहणाऱ्याला दगडी वाटतात, पण पुष्कळ ठिकाणी ते विटांचे असून वर चुना आणि संगमरवराच्या पुडीचा घोटलेला गिलावा आहे. आपल्या चुनेगच्चीचेच ते भावंड.

आता चुन्याविषयी, कारण मालकांचे खरे प्रश्न इथेच असतात. कळीचा, म्हणजे भाजलेला पण अजून न विरवलेला चुना पाण्यात घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. एक माप चुन्याला दोन ते तीन मापे पाणी. उकळी जोरात येते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून खड्ड्यात ठेवावा आणि त्यावर कायम चार बोटे पाणी राहू द्यावे. हवा लागली की तो वापरण्याआधीच मरतो. तीन महिन्यांपूर्वी गिलाव्याला घेऊ नये. इटलीत उंची कामाला वर्ष-वर्ष मुरलेला चुना घेतात. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्यावर फोडासारखे खड्डे पडतात.

साध्या थराला एक माप चुना आणि तीन मापे वाळू. वाळू धुतलेली आणि टोकदार कणांची, भरड-बारीक मिसळलेली. पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी, म्हणजे जोते, न्हाणीघर आणि गच्चीला, एक माप चुना, एक माप विटेचा चुरा आणि दोन मापे वाळू. विटेचा हा चुरा म्हणजे आपली सुर्खी. रोमन काळापासून इटलीत तेच वापरतात आणि त्याला ‘कोच्चोपेस्तो’ म्हणतात. चुरा मंद आचेवर भाजलेल्या जुन्या विटांचा हवा. फार कडक भाजलेली वीट नुसती वाळूसारखी पडून राहते, चुन्याशी तिची क्रिया होत नाही.

थर एका वेळी दहा-बारा मिलिमीटरचा. जाड थर एकदम दिला तर तो तडकतो. लावण्याआधी भिंत चांगली भिजवावी आणि लावल्यावर आठवडाभर ओली गोणपाटे टांगावीत. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात चुन्याचे काम काढणे म्हणजे पैसे फेकणे. पाणी उडून जाते, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनण्याआधीच वाळून खडूसारखा भुसभुशीत होतो आणि हात फिरवला की पांढरी पूड येते. दसऱ्यापासून थंडी वाढेपर्यंत आणि माघ-फाल्गुन हे आपले दिवस. इटलीतही वसंत आणि शरद हेच हंगाम, फक्त तिथे भीती गोठण्याची असते.

ओलीच्या बाबतीत तिथले गवंडी जी पद्धत वापरतात ती आपण उचलण्यासारखी आहे. टस्कनीची घरे उतारावर असल्याने एक भिंत डोंगराला टेकलेली असते आणि सारी ओल तिथून येते. त्या भिंतीबाहेर साठ ते ऐंशी सेंटीमीटर रुंद चर खणून, त्याची बाहेरची बाजू वेगळ्या भिंतीने धरून, वर झाकण आणि हवेसाठी झरोके ठेवतात. तळ घराच्या जमिनीपेक्षा खाली आणि एका बाजूला उताराचा, म्हणजे पाणी वाहून जाते. याचे नाव ‘स्कान्नाफोस्सो’. घराच्या आत जमिनीखालीही पोकळी ठेवतात. चाळीस-पन्नास सेंटीमीटर खणून मोठे दगड कोरडे रचतात, वर बारीक खडी, वर चुन्याचा कोबा आणि मग भाजलेल्या मातीच्या फरशा. पोकळीची हवा बदलती राहावी म्हणून उत्तरेला खाली आणि दक्षिणेला वर नळीची तोंडे काढतात. दक्षिणेची नळी तापते, हवा वर चढते आणि उत्तरेकडून थंड हवा आपोआप ओढली जाते. पंखा लागत नाही. दोन्ही कामांत धोका एकच. पायाच्या तळाखाली खणू नये आणि सलग लांब चर एकदम उघडू नये. मीटरभर खणावे, बांधून घ्यावे, मग पुढचा मीटर.

लश्करमध्ये डोंगर नसला तरी रस्ता आहे. दर काही वर्षांनी जुना डांबरी थर न खरवडता वर नवा थर पडतो, रस्ता उंच होतो, वाड्याचे जोते खाली जाते आणि पावसाचे पाणी भिंतीला टेकून उभे राहते. मालक ओल पाहून आतून सिमेंटचा गिलावा आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स लावतात. मग जमिनीतून येणाऱ्या वाफेला फक्त भिंत उरते, आणि गुडघ्यापर्यंतची ओल दोन-तीन पावसाळ्यांत छातीपर्यंत चढते. बाहेरून उथळ, झाकलेला, हवेशीर चर आणि आतून चुना, एवढ्याने पुष्कळ वाड्यांची ओल उतरते. उतरायला मात्र वेळ लागतो. अर्ध्या मीटरची भिंत सुकायला वर्ष-दोन वर्षे धरावीत.

वाईनच्या तळघरांत तर ओल मुद्दाम सांभाळलेली असते. वायव्य इटलीच्या पिएमाँते प्रांतातल्या मोंफेर्रातो भागात घरांखाली मऊ दगडात खोदलेल्या ‘इन्फेर्नोत’ नावाच्या कोठड्या आहेत. त्यांना ना उजेड ना खेळती हवा, पण आतले तापमान बारमाही जवळजवळ सारखे राहते. लांगे, रोएरो आणि मोंफेर्रातो यांचा द्राक्षमळ्यांचा प्रदेश २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत आला तो या कोठड्यांसकट. वाड्यातले तळघर ज्यांना वापरायचे आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तळघराच्या जमिनीवर काँक्रीट ओतून भिंतींना रंगाचा जाड लेप दिला तर तळघर कोरडे पडत नाही, ओल वरच्या मजल्यावर जाते.

छपराचा विषय सगळ्यांत गंभीर आहे, कारण त्यात जीव जातात. टस्कन घराचे छप्पर म्हणजे चेस्टनट किंवा ओकच्या तुळया, त्यांवर वासे, वाशांवर टेकणाऱ्या पातळ भाजक्या फरशा आणि वर कौले. चेस्टनटच्या लाकडात टॅनिन भरपूर असल्याने कीड सहसा लागत नाही. मध्य इटलीत १९७९ च्या भूकंपानंतर उंब्रियाच्या वालनेरिना खोऱ्यात मजबुतीच्या नावाखाली पुष्कळ घरांची लाकडी छप्परे उतरवून आरसीसी स्लॅब टाकण्यात आले. स्लॅबची कड बसवायला भिंतीच्या माथ्यात काँक्रीटची पट्टी घातली. २६ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा भूकंप झाला तेव्हा अशी ‘मजबूत’ केलेली अनेक घरे वाईट रीतीने फुटली. कारण मघाच्या त्या दोन पदरांत आहे. काँक्रीटची पट्टी बऱ्याच ठिकाणी फक्त आतल्या पदरावर टेकलेली होती. सारा भार आत गेला, बाहेरचा पदर मोकळा राहिला आणि हादऱ्यात तो फुगून कोसळला. वरचा स्लॅब ताठ आणि जड, भिंत मऊ, त्यामुळे दोघे एका चालीने हलले नाहीत. त्यानंतर तिथल्या जाणकारांचा कल पुन्हा हलक्या लाकडी छपराकडे आणि लोखंडी बंधांकडे वळला.

हे बंध म्हणजे भिंतीच्या आरपार, समोरासमोरच्या दोन भिंतींना बांधणाऱ्या लोखंडी सळया. जुन्या इटालियन घरांच्या भिंतींवर बाहेरून लोखंडी पट्ट्या किंवा चकत्या दिसतात ती त्यांची टोके. पूर्वी सळई तापवून लांबवत, टोकाला पाचर ठोकत आणि सळई निवताना आखडून भिंती आवळत असे. आज आटे पाडून नटाने ताण देतात. ताण बेतानेच द्यावा. भिंतीतला भराव पोकळ असेल तर जास्त आवळल्याने चकती आत रुतते. आधी भराव चुन्याच्या पातळ राबडीने भरून घ्यावा, महिनाभर थांबावे आणि मग बंध घालावा. बंध शक्यतो मजल्याच्या पातळीवर, आडव्या भिंतीला लागून घ्यावा. खोलीच्या मधोमध घेतला तर भिंत तिथे वाकते.

लश्करच्या वाड्यांत माळवदाला आपल्याकडच्या वालुकाश्माच्या पटिया, म्हणजे लांब फरशा, किंवा कडीपाट असतो आणि वर चुन्याचा कोबा. गळती लागली की त्याच्यावरच बारा सेंटीमीटरचा स्लॅब टाकतात. त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीवर ते तीन टनांहून जास्त होते. जयविलासच्या दरबार हॉलची झुंबरे टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून भार तपासला असे इथे घरोघर सांगतात. त्याच शहरात आज पटिया न तपासता तीन टन चढवले जातात. गळतीवर उपाय म्हणजे तडकलेला कोबा तेवढाच उकरून सुर्खीचा नवा भरणे, उतार परत पन्हळीकडे काढणे आणि पिंपळाची रोपे मुळासकट काढणे. तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर हवेची जागा ठेवावी. ती जागा सिमेंटने बुजवली तर तुळई मधोमध ठणठणीत दिसते आणि टोकाला आतून कुजते. टोचणीने टोक टोचून पाहिल्याशिवाय तुळई चांगली म्हणू नये.

किल्ल्यांचे थोडक्यात. ते सगळे जुन्याच रूपात टिकले असे नाही. टस्कनीच्या क्यांती भागातला ब्रोलिओ किल्ला ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे, पण त्याच्या आतला विटांचा लाल महाल एकोणिसाव्या शतकातला. त्याच घराण्यातल्या बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ मध्ये क्यांती वाईनमध्ये कोणती द्राक्षे किती घ्यावीत याचा मेळ लिहून ठेवला. ते एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान. पहिले कावूर, आणि तेही १८३२ ते १८४९ या काळात पिएमाँतेतल्या ग्रिंझाने या छोट्या गावाचे महापौर होते. तिथल्या किल्ल्यात १९६७ पासून त्या प्रांताच्या वाईनचे सार्वजनिक भांडार चालते. शेजारच्या बारोलोचा किल्ला १९७० मध्ये तिथल्या पालिकेने विकत घेतला आणि २०१० पासून त्यात वाईनचे संग्रहालय आहे. या गावांची वस्ती आपल्या एखाद्या मोहल्ल्याएवढीही नाही. आपल्या महापालिकेने किमान एक वाडा असा हाती घ्यावा, ही आमची मागणी आहे.

शेतघरांना कायद्याने आधार दिला. १९८५ मध्ये आणि नंतर २००६ मध्ये इटलीने शेतकऱ्याने घरी पाहुणे ठेवण्याचा, ‘आग्रितुरिस्मो’चा, कायदा केला. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार तिला जोड. शेतावर आधीच उभ्या असलेल्या इमारतीच वापरायच्या. जेवणात स्वतःच्या आणि त्या भागातल्या मालाचा ठळक वाटा हवा. यामुळे घर विकावे लागत नाही, आणि ते हॉटेलही बनत नाही. ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीत १९७६ च्या भूकंपानंतर आणखी एक कल्पना निघाली, ती शहरी वस्तीला जास्त लागू पडते. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या आसपासच्या दोनेकशे मीटरांतल्या वेगवेगळ्या जुन्या घरांत, आणि शेजारी लोक राहतच असतात. लश्करमध्ये एका वाड्याचे सहा वारस आणि प्रत्येकाकडे दोन खोल्या, हे चित्र नेहमीचे. सगळ्यांचे एकमत होऊन अख्खा वाडा हॉटेलवाल्याला देण्याची वाट पाहण्यापेक्षा ज्याच्या दोन खोल्या नीट आहेत त्याने त्या द्याव्यात. माजघर, चौक आणि देवघर घरच्यांच्याच वापरात राहू दे. वापरातल्या घरात गळती पहिल्या दिवशी दिसते, बंद घरात ती छत खचल्यावर कळते.

ज्या मालकांना यंदा काम काढायचे आहे त्यांनी पावसाळ्यात छिन्नीला हात लावू नये. पाऊस चालू असताना घराभोवती फिरून पाणी कुठे साचते, कोणती पन्हळ तुंबते, ओलीची रेघ भिंतीवर कुठवर आहे हे खडूने खुणा करून ठेवावे. ओळखीच्या गवंड्याला आधी हातभर जागेचा नमुना करायला सांगावे आणि तो महिनाभर पाहावा. चुना मात्र आत्ताच, ज्येष्ठातच, खड्ड्यात घालावा, म्हणजे तो दसऱ्यानंतर लावण्याजोगा होईल.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
लश्कर, ग्वाल्हेर